समुद्राचा बंदोबस्त

समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर वसलेल्या, आणि मंगळुरूच्या वाटेने निघावे अथवा चेन्नईच्या, साधारण साडेतीनशे किलोमीटरांची मजल मारल्यावाचून ज्याच्या रहिवाशांना खाऱ्या पाण्याचे दर्शन घडत नाही, अशा बेंगळुरू शहराच्या आग्नेय अंगाला, सर्जापूर रोडवरील एका निवासी संकुलाच्या अकराव्या मजल्यावर, माझ्या भाच्याने दिवाणखान्यात समुद्र आणून ठेवला आहे. हा समुद्र चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल असून त्याच्या चारही दिशा काचेच्या आहेत. तो आणण्यात भाच्याचा जेवढा पैसा, वेळ आणि गृहसौख्य खर्ची पडले त्याचा हिशेब मांडण्याचा अधिकार मला नाही. परंतु आणलेल्या समुद्राने तोंड मिटून बसावे एवढ्यासाठी पुढे जो उपद्व्याप झाला, त्याचा मी मुक्कामास असलेला साक्षीदार असल्यामुळे त्याची हकीकत नमूद करून ठेवणे मला अगत्याचे वाटते.

सर्जापूर रोड हा समुद्राच्या आगमनास अगदीच अपात्र मुलूख आहे, असे मात्र कोणी समजू नये. १६३८ नंतर बेंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत होते आणि १६८७ साली एकोजीराजांनी ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजांना तीन लाख रुपयांस देण्याचा सौदा ठरविला, ही गोष्ट तिकडे स्थायिक झालेला मराठी गृहस्थ घराच्या कर्जाचा हप्ता भरल्यावर थोडा वेळ हळहळत आठवतो. कारण तेवढ्या रकमेत आज शहर तर राहोच, या रस्त्यावर एक मोटार उभी करण्यापुरती आच्छादित जागा पदरात पडली तरी दलालाचे आभार मानावे लागतात. शिवाय पाण्याच्या बाबतीत या परगण्याची रीत मुळातच जगावेगळी. जवळच्याच बेळ्ळंदूरच्या तलावाने २०१७ साली चक्क पेट घेतला होता, आणि त्याचा पांढरा फेस वाऱ्यावर स्वार होऊन रस्त्यावरील वाहनांवर येऊन बसत असे. जेथे तलाव जळतो, तेथे अकराव्या मजल्यावर सागर नांदतो यात नवल करण्यासारखे काय आहे?

समुद्राचे पाणी अर्थातच समुद्रातले नव्हते. ते टँकरने आले. कुठल्याशा कूपनलिकेच्या पोटातून निघून, संकुलाच्या टाकीत उतरून, मग शुद्धीकरण यंत्राच्या पडद्यांतून अशा काटेकोरपणे गाळले गेले की एक बादली पात्र ठरविण्यासाठी दोन-तीन बादल्या अपात्र ठराव्यात व त्यांनी फरशी पुसण्याच्या कामी रुजू व्हावे. २०२४ च्या उन्हाळ्यात शहराच्या कूपनलिका आटल्या, जिल्हा प्रशासनाने १२,००० लिटरच्या टँकरला पाच किलोमीटरांच्या आत १,००० रुपये असे दरपत्रक जाहीर केले, आणि जलमंडळाने पिण्याच्या पाण्याने मोटारी धुण्यास, बागा शिंपण्यास व कारंजी उडविण्यास मनाई करून ५,००० रुपये दंड ठरविला, तेव्हा भाच्याने ते फर्मान अथपासून इतिपर्यंत वाचले आणि त्यात समुद्राचा उल्लेख नाही अशी खात्री करून घेतली. त्या गोड पाण्यात मग दर लिटरला पस्तीस ग्रॅम या प्रमाणात पंधरा-सोळा किलो मीठ विरघळविण्यात आले. हे मीठ वाण्याकडचे चालत नाही. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आदी क्षारांची खरी सागरी भेसळ असावी लागते आणि ते बादलीत बंद होऊन परदेशाहून येते. १९३० साली शिरोड्याच्या मिठागरांवर ज्यांनी कायदेभंग केला त्या सत्याग्रहींना या बादलीची किंमत सांगितली असती, तर इंग्रजांचा मिठावरचा कर त्यांना बहुधा माफक वाटला असता.

प्रवाळांचा मोह भाच्याने टाळला, कारण दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाच्या पंक्तीस जाऊन बसले आहेत, आणि दिवाणखान्यात वाघ बाळगण्याइतका तो धाडसी नाही. म्हणून खडक कृत्रिम, आणि त्यांच्या आसऱ्याला नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले, २००३ च्या एका चित्रपटामुळे जगातील यच्चयावत मुलांच्या परिचयाचे झालेले, विदूषक माशांचे एक दांपत्य. या जातीत आकाराने मोठी ती मादी, आणि ती निवर्तली तर तिचा नर यथावकाश स्वतःच मादी होतो. त्यामुळे घरातील सत्तांतर कज्जेखटल्यावाचून पार पडते.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. असल्या टाकीच्या कोपऱ्यात काचेची एक उभी कोठडी असते आणि तिच्या माथ्याला फणीसारखे दाते. पाण्याच्या पृष्ठभागावर जमणारा तेलकट पापुद्रा त्या दात्यांवरून कोठडीत ओघळावा, तेथून नळावाटे खालच्या कपाटात दडविलेल्या दुसऱ्या टाकीत उतरावा, तेथे त्याची धुलाई व्हावी आणि पंपाने ते पाणी पुन्हा वर चढवावे, अशी ही व्यवस्था. कागदावर ती निर्दोष आहे. परंतु कागदावर पाणी पडत नाही. प्रत्यक्षात पाणी नळात शिरते तेव्हा एकटे शिरत नाही. तोंडाशी भोवरा करून ते हवेला हाताशी धरते, आणि अरुंद नळातून दोघेही एकदम खाली जाऊ पाहतात. त्या झटापटीची जी वर्दी बाहेर येते तिच्यात खळखळ, गुळगुळ आणि मधूनच कोणी वृद्ध गृहस्थ बशीतला चहा तब्येतीने ओढीत असल्यासारखा एक दीर्घ फुरका, असे तीन स्वर स्पष्टपणे वेगळे काढता येतात. खाली पोचलेली हवा बुडबुडे होऊन फुटते, प्रत्येक बुडबुडा खाऱ्या पाण्याचा एक सूक्ष्म तुषार उडवितो, आणि पंधरवड्यात कपाटाच्या बिजागऱ्यांवर मिठाचे पांढरे पापुद्रे धरतात.

फुरक्याचे रहस्य मला भाच्याने सांगण्यापूर्वीच ठाऊक होते, याचे श्रेय आमच्या आजोळच्या देवघराला. पूर्वी पितळी भांड्यांच्या दुकानांत एक प्याला मिळत असे. त्यात बाळकृष्णाला घेऊन उभा असलेला वसुदेव; प्याल्यात पाणी ओतीत जावे, ते चढत चढत कृष्णाच्या पायाला लागले रे लागले, की यमुना ओसरली म्हणून सगळे पाणी बुडातून निघून जाई. मूर्तीच्या पोटात वाकडी नळी दडविलेली असते. पाणी तिच्या बाकाच्या वर गेले की सायफन सुरू होतो आणि प्याला रिता करूनच थांबतो. भाच्याच्या कोठडीत हाच चमत्कार मिनिट-दीड मिनिटाला होत होता. नळ पाण्याने भरला की सायफन लागे; तो पंपाच्या पुरवठ्याहून अधिक पाणी ओढून नेई; पातळी घसरली की हवा आत घुसे, फुरका निघे, सायफन मोडे; आणि पातळी पुन्हा कृष्णाच्या पायाकडे चढू लागे. भक्तिभावाने पाहणाऱ्याला या प्रकारात गोडी वाटली असती. पण रात्री दोन वाजता, शेजारच्या खोलीत, कोणतेही पुण्य पदरी न पडता, यमुना इतक्या वेळा ओसरलेली ऐकणे हे भक्तीच्याही आवाक्याबाहेरचे आहे.

“मामा, झोप लागली ना तुम्हांला?” भाच्याने सकाळी विचारले.

“लागली तर. तुझा समुद्र रात्रभर आचमने करीत होता, तेवढ्यापुरती अधूनमधून जाग आली.”

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. भाच्याने मोबाइल टाकीजवळ धरला तेव्हा काटा पन्नाशीच्या पुढे गेला, आणि बाहेरच्या रस्त्यावर टँकर मागे घेताना जी शीळ वाजत असते तिला सोडून हा आकडा एकट्या समुद्राच्या नावावर मांडण्यात आला. या सगळ्यात मला सर्वांत चमत्कारिक वाटली ती गोष्ट निराळीच होती. माझी भाचेसून रात्री झोप यावी म्हणून उशाशी एक बोलके यंत्र ठेवते आणि त्यातून, कुठल्याशा अनामिक किनाऱ्यावर ध्वनिमुद्रित केलेल्या, समुद्राच्या लाटा ऐकते. म्हणजे एका खोलीत लाटांचा आवाज विकत घेऊन वाजविला जात होता आणि पलीकडच्या खोलीत, पदरचे पैसे मोडून उभ्या केलेल्या समुद्राचा आवाज बंद करण्याचे खल चालले होते. खरा समुद्र तर बिचारा कधीच मुका नसतो. उथळ उष्ण समुद्रात एक जातीची कोळंबी नांगी मिटताना असा फटाका काढते की तळाशी अहोरात्र लाह्या फुटल्यागत तडतड चाललेली असते. आणि आमचे नारिंगी दांपत्यसुद्धा, शास्त्रज्ञांनी सिद्ध केल्याप्रमाणे, जबड्यातले दात एकमेकांवर आपटून परक्याला दम भरते. माशांची तक्रार कोणतीच नव्हती. निःशब्द सागराची हौस ही केवळ कर्जाचे हप्ते भरणाऱ्या प्राण्यालाच असते.

उपाय सुरू झाले. मत्स्यालयाच्या दुकानदाराने नळाच्या तोंडात स्पंज कोंबण्याचा सल्ला दिला. त्याने आवाज खरोखरच बसला. परंतु स्पंज गाळ धरतो, गाळाने नळ तुंबतो, आणि तुंबलेल्या नळाचे पाणी अकराव्या मजल्यावरून दहाव्या मजल्याकडे जाण्यास कोणाची परवानगी मागत नाही, हे भाच्याच्या वेळीच ध्यानात आले. पंपाचा वेग उतरविला, तर पृष्ठभागावर पापुद्रा साचू लागला. मग आला डर्सोचा नळ. या नावाच्या एका अमेरिकन छांदिष्टाने काढलेली ही युक्ती साधी आहे: कोठडीत नळ उंच उभा करावा, म्हणजे दात्यांवरून पडणाऱ्या पाण्याला पडायला उंचीच उरत नाही; त्याच्या माथ्याला एक टी बसवून एल्बोचे तोंड खाली वळवावे, म्हणजे पाणी पृष्ठभागाखालून घेतले जाते आणि भोवरा होत नाही; आणि टोपीला बारीकसे छिद्र पाडावे, म्हणजे हवेला वेगळी वाट मिळून सायफन लागत नाही. हे छिद्र किती बारीक असावे, या प्रश्नावर मामा-भाच्यांच्या कित्येक संध्याकाळी खर्ची पडल्या. ते तसूभर लहान झाले की वसुदेव परत येई. तसूभर मोठे झाले की त्यातून नागाने फूत्कार टाकावा तसा सुस्कारा निघे. बेताच्या प्रवाहाला डर्सो पुरा पडतो. भाच्याचा पंप बेताचा नव्हता.

शेवटी तीन नळांची योजना मंजूर झाली. कोठडीच्या तळाला कारागिराने मुळातच तीन भोके ठेवली होती. एक उतारासाठी, दुसरे पंपाच्या चढत्या नळासाठी आणि तिसरे बूच मारलेले. चढता नळ काठावरून वळवून आत सोडला की तिन्ही भोके उतारासाठी मोकळी होत होती. हे काम करण्यास जो नळकारागीर आला तो ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यातला. देशातल्या मोठ्या शहरांत नळकाम करणाऱ्यांत त्या जिल्ह्याची माणसे इतकी आढळतात की तेथे पट्टामुंडाई या गावी नळकाम शिकविणारी सरकारी संस्थाच आहे. केंद्रापाडा समुद्रकाठचा जिल्हा; तेव्हा त्या दिवाणखान्यात जमलेल्या मंडळींत समुद्राशी जन्मजात परिचय असलेला तोच एक होता. त्याने नळाला कान लावला, टाकीत डोकावून पाहिले, आणि आपल्या हिंदीत भाच्याला म्हणाला, “आमच्या गावीही समुद्र आवाज करतो, साहेब. लोक झोपतात.” यावर भाच्याने त्याच्या हाती आराखडा ठेवला.

या तीन नळांचे काम एखाद्या जुन्या मामलेदार कचेरीसारखे चालते. पहिला नळ हा त्या कचेरीतला अव्वल कारकून. त्याच्यात हवेला थारा नाही. तो काठोकाठ पाण्याने भरून पूर्ण सायफनाने जवळजवळ सगळा भार वाहतो, आणि रिकामा वेळच नसल्यामुळे त्याच्या तोंडून ब्रही निघत नाही. त्याने पंपाच्या पुरवठ्याहून जास्त ओढू नये म्हणून खालच्या बाजूला गेट व्हॉल्व्ह बसवून त्याची वेसण आवळलेली असते. दुसरा नळ शिरस्तेदाराचा. कारकुनाकडून राहिलेली चिमूटभर बाकी तेवढी त्याच्याकडे येते आणि ती तो नळाच्या आतल्या भिंतीवरून, कोणालाही कळणार नाही अशा अदबीने, पातळ पत्र्यासारखी घरंगळू देतो. मात्र त्याच्या माथ्यावरून निघालेल्या बारीक नळीचे तोंड पाण्याच्या पातळीपासून थोडे वर धरलेले असते. पहिला नळ तुंबून पाणी चढले आणि ते तोंड बुडाले, की हवा कोंडून शिरस्तेदारालाही अंग मोडून सायफनाची चाकरी करावी लागते. तिसरा नळ सर्वांत उंच, सर्वांत कोरडा. त्याला काम नाही, असू नये, आणि ज्या दिवशी त्याला काम पडेल त्या दिवशी त्याने मुद्दाम गर्जना करून सर्वांना उठवावे एवढ्यासाठीच त्याची तैनात चालू ठेवलेली असते. असले गृहस्थ मी सरकारी नोकरीत पुष्कळ पाहिले. परंतु त्यांची आवश्यकता जलविज्ञानाने सिद्ध केलेली मी प्रथमच पाहिली.

गेट व्हॉल्व्हचे प्रकरण थोडे खुलाशाने सांगितले पाहिजे. नेहमीचा बॉल व्हॉल्व्ह पाव फेऱ्यात उघडतो किंवा मिटतो. मधल्या अवस्था त्याला मान्य नाहीत. गेट व्हॉल्व्हचे चाक अनेक फेरे फिरते आणि दर फेऱ्याला पडदा जरासा सरकतो, म्हणून येथे तोच हवा. आता सर्जापूर रोडवरच्या ज्या दुकानात जावे तेथे गेट व्हॉल्व्ह पितळी. आणि पितळेत तांबे, तांबे खाऱ्या पाण्यात उतरले की कोळंबी, खेकडे, गोगलगायी यांना विष. तेव्हा प्लॅस्टिकच्या गेट व्हॉल्व्हसाठी जो शोध झाला त्यात शहराची सगळी टोके पालथी घातली गेली. तो सापडला तेव्हा भाच्याने त्याचे दोन्ही हातांनी स्वागत केले, आणि भाचेसुनेने किंमत विचारण्याचे टाळले, यावरून ती आमच्या कुटुंबात रुळली असे मी समजलो.

ते जोडकाम वाळल्यावर जी रात्र आली तिचे वर्णन मी सविस्तर करू शकतो, कारण विजेरी धरण्याचे काम माझ्याकडे होते. भाचा कपाटासमोर पालथा पडलेला. एक हात आत, व्हॉल्व्हच्या चाकावर. कोठडीच्या काचेवर मेणखडूने ओढलेली एक रेघ, पाणी तिच्याशी स्थिर व्हावे ही अपेक्षा. चाक एक अष्टमांश फिरवायचे आणि थांबायचे. कारण पातळीचे उत्तर ताबडतोब येत नाही, ते टपालाने यावे तसे काही मिनिटांनी येते. पाणी रेघेवर चढले, शिरस्तेदाराकडे जास्त बाकी जाऊन तो खळखळू लागला, चाक सैल केले, पाणी रेघेखाली गेले, कारकुनाच्या तोंडात हवा शिरून फुरका निघाला, चाक आवळले. खालच्या टाकीत नळाचे टोक पाण्यात जेमतेम इंचभर बुडालेले असावे लागते, नाहीतर सुरुवातीची हवा बाहेर पडत नाही. ते करवतीने कापून बेतात आणले. मग केव्हातरी नळाच्या तोंडातून मोठाले बुडबुडे निघाले, त्यांमागून बारीक, त्यांमागून मोहरीएवढे, आणि नंतर निघायचेच बंद झाले. पंपाची घरघर तेवढी ऐकू येत होती. भाच्याने माझ्याकडे पाहिले. मी विजेरी रेघेवर धरली. पाणी रेघेवर होते.

“मामा, काही ऐकू येतंय?”

“तुझ्या बायकोच्या यंत्रातल्या लाटा येताहेत,” मी म्हणालो. त्या खरोखरच आता स्पष्ट येऊ लागल्या होत्या.

ही शांतता बिनशर्त नाही, हे येथे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. वीज गेली की वरचे थोडे पाणी खाली उतरते, सायफन मोडतो. आणि संकुलाचे जनित्र सुरू होऊन पंप चालू झाला की नळातली हवा हुसकून लावीपर्यंत मिनिट-दोन मिनिटे समुद्र पूर्वीच्या सगळ्या आठवणी एकदम सांगून घेतो. नळात शेवाळ धरले की चाक पुन्हा केसभर फिरवावे लागते. एकदा तर एक गोगलगाय दात्यांवरून कोठडीत आणि कोठडीतून कारकुनाच्या तोंडात जाऊन बसली, तेव्हा सगळी कचेरी विसकटून तिसऱ्या गृहस्थांना नोकरीतली पहिली गर्जना करावी लागली. केर काढणाऱ्या बाईंचा झाडू लागून चाक फिरू नये म्हणून ते काढून ठेवण्यात आले असून सध्या ते दागिन्यांच्या डब्यात आहे.

इतके झाल्यावर या प्रकरणाचा निकाल लागला असे आम्ही धरून चाललो होतो. तेवढ्यात दहाव्या मजल्यावरचे गृहस्थ आले. अतिशय सभ्य कन्नड माणूस, निवृत्त, मितभाषी. रात्री निजण्याच्या खोलीत वरून पाण्याचा गुळगुळ आवाज येतो, तो आपल्या टाकीचाच असावा, एवढेच त्यांनी सांगितले. भाच्याने त्यांना आत बोलावून नळाला कान लावू दिला. काही ऐकू येईना. मग आम्ही तिघे त्यांच्या घरी गेलो, आणि न्हाणीघराच्या भिंतीपलीकडल्या पोकळीत, जिच्यातून वरच्या सगळ्या मजल्यांचे मैलापाणी खाली जाते तो जाडजूड उभा नळ ऐकला. तंतोतंत तोच आवाज होता, फक्त मोठ्या घराण्यातला. तत्त्वही तेच: पाणी नळाच्या भिंतीला चिकटून घसरते, मधल्या पोकळीतून हवा, आणि त्या हवेच्या ये-जा करण्यासाठी नळ गच्चीपर्यंत नेऊन त्याचे तोंड उघडे ठेवलेले. गच्चीवर जाऊन पाहिले तर त्या तोंडाशी कबुतरांनी काटक्यांचा संसार मांडलेला. म्हणजे डर्सोच्या टोपीचे छिद्रच बुजलेले.

कबुतरे हलविण्याचा अर्ज व्यवस्थापन समितीकडे गेला आहे. परंतु दरम्यान त्या गृहस्थांनी भाच्याच्या कपाटातली कचेरी पाहिली, कारकुनाचे निःशब्द काम डोळ्यांनी पाहिले, आणि आपल्या भिंतीतल्या नळालाही असाच एक गेट व्हॉल्व्ह बसवावा अशी सूचना समितीसमोर मांडली. ज्या नळाला वरचे अनेक मजले जोडलेले आहेत तो मध्येच आवळला तर काय होईल, हे भाच्याने त्यांना आकृती काढून समजावून दिले. त्यांनी ती शांतपणे पाहिली आणि व्हॉल्व्ह दिवसभर पूर्ण उघडा ठेवून केवळ रात्री दहा ते सकाळी सहा एवढ्याच वेळेपुरता बंद करता येईल का, असे विचारले. समितीने सूचना कार्यवृत्तात दाखल करून घेतली असून वरच्या मजल्यांचे अभिप्राय मागविले आहेत.